तामरातच्या उंचीची मेणवात

दिवे गेले ते एका परीनं बरंच झालं. कॉफीचा वास अंधारात जास्त दरवळतो. नाओद, तू दारातून ऊठ, इकडे माझ्याजवळ येऊन बस. त्या शेगडीत दोन कोळसे टाक. पहिला कप झाला, अजून दोन आहेत, आणि तिसरा घेतल्याशिवाय कुणी उठायचं नाही. तो आशीर्वादाचा.

दुपारी दुकानात बेलायनेह येऊन गेला तेव्हा तुम्ही पोरं एकमेकांना कोपरखळ्या मारत होतात. "दारात दोन गाड्या, टायरांचं एवढं मोठं दुकान, आणि हा बाबा दरवर्षी लालिबेलाच्या यात्रेला पायी जातो! चोवीस दिवस! चिक्कू मेला!" ऐकलं मी. ऐकलं नाही असं दाखवलं, कारण गिऱ्हाईक समोर होतं.

तो चिक्कू नाही. चाळीस वर्षं मी मेर्कातोच्या बाजारात मेण विकतोय. चिक्कू माणूस मेण हुंगतो कसा यावरून मला कळतो. बेलायनेहचं दुखणं वेगळं आहे. त्यानं मला ते एकदाच सांगितलं, आणि त्या दिवशी तो प्यायलेला नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

येत्या गेनाला, येशूच्या जन्माच्या सणाला, आठ वर्षं होतील. गेनाच्या आधीचा सोमवार होता, आणि सणाच्या आदल्या आठवड्यात माझ्या दुकानात मुंगीला शिरायला जागा नसते. अशा गर्दीत बेलायनेह कोपरानं वाट काढत आला.

"मुलुगेता, एक मेणवात हवी. पोरीच्या उंचीची."

त्याची मुलगी महलेत सात वर्षांची असताना ताप डोक्यात गेला होता. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा त्याच्या आईनं नवस बोलला, 'पोर उठली तर तिच्या उंचीची मेणवात लालिबेलाच्या संत गियोर्गिसपुढे जाळीन.' पोर उठली. चार वर्षं झाली, नवस तसाच. म्हातारी रोज सकाळी मुलाला आठवण करून द्यायची आणि मुलगा रोज सकाळी 'या गेनाला नक्की' म्हणायचा.

मी म्हटलं, "उंची आणलीस?"

"माझ्या छातीपर्यंत येते."

"तुझ्या पोटावरून मोजू की पोट आत घेऊन? दोऱ्यानं मोजून आण, गड्या. मेण देवाला जायचंय, अंदाजपंचे चालत नाही."

हसला. म्हणाला, "उद्या आणतो." मी त्याला बजावलं की गेनाच्या गर्दीत लालिबेलात मेणाचा तुकडा मिळत नाही, तिथे मिळेल म्हणून राहू नकोस. तो हो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी आला नाही. मंगळवारी त्याचा माल उतरला, बुधवारी हिशेबनीस आजारी पडला. दुकानदाराचा उद्या कसा असतो ते मी तुम्हाला काय सांगू!

बुधवारी रात्री त्याच्या आईनं विचारलं. यशीमबेत म्हणजे ऐंशीची बाई, चाळीस दिवसांच्या उपासानं काडी झालेली, पण आवाज सरदाराचा.

"बेलाय, मेणवात आणलीस?"

तो दमलेला होता. नाही म्हटलं असतं तर अर्धी रात्र बोलणी खावी लागली असती.

"आणली, आई. गाडीत ठेवली."

एवढंच. इथून सगळं सुरू झालं. लक्षात ठेवा, माणूस मोठं पाप ठरवून करत नाही, झोप मोडू नये म्हणून करतो.

गुरुवारी पहाटे निघायचं होतं. बेलायनेह सामान भरत होता. फाटकाशी लाकेच उभी होती. ही त्यांच्या घरी इंजेऱ्याच्या भाकऱ्या भाजायला येणारी बाई. नवरा नाही, सात वर्षांचा एक मुलगा, तामरात. त्या पोराचं हृदय जन्मापासून अधू. चार पावलं चालला की ओठ जांभळे पडायचे. आई चुलीशी असली की तो स्वयंपाकघराच्या मागच्या दारात बसायचा. महलेतचा तो लाडका. शाळेतून आली की ती त्याला पाठीला पाठ लावून उभं करायची, वर तळवा धरायची आणि म्हणायची, "वाढलास रे! बोटभर वाढलास!" वाढलेला नसायचा. पण पोर खुलायचं.

लाकेचच्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेलं एक वेटोळं होतं.

"गाशे, लहान तोंडी मोठा घास आहे. पण तुम्ही चाललाच आहात. ही माझ्या तामरातच्या उंचीची. मेण भावानं गावाकडच्या पोळ्यांचं पाठवलं, सूत मी कातलं. एवढी संत गियोर्गिसपुढे लावाल?"

"द्या की, लाकेच. त्यात काय."

"मध्ये फुंकू नका हं. शेवटच्या टोकापर्यंत जळू द्या. बाप्तिस्म्याचं नाव चिठ्ठीवर आहे, महलेतनं लिहून दिलंय. देवाघरी त्याला तामरात म्हणून कुणी ओळखणार नाही ना."

मागच्या दाराच्या चौकटीला पोराला टेकवून, दोरा धरून, महलेतनंच त्याची उंची मोजली होती. ती गाडीतून ओरडली, "लाकेच, मी लक्ष ठेवीन!" बेलायनेहची बायको अस्नाकेचही गाडीत बसली होती. तिनं पाहिलं. फक्त म्हातारीनं पाहिलं नाही, ती अजून आत प्रार्थना आटपत होती.

बेलायनेहनं वेटोळं डिकीत ठेवलं.

घ्या, दुसरा कप घ्या. हा जरा फिका होतो, चालायचंच.

पहिल्या दिवशी देसेपर्यंत मजेत गेले. रस्त्याच्या कडेला देवळासाठी रंगीत छत्री उलटी धरून माणसं उभी असतात ना, त्या प्रत्येक छत्रीत म्हातारीला नाणं टाकायचं होतं, म्हणून गाडी दर कोसावर थांबायची. तरी दोन वेळा तिनं विचारलं, "मेणवात नीट आहे ना?" आणि दोन्ही वेळा बेलायनेह म्हणाला, "डिकीत आहे, आई." खोटंही नव्हतं. डिकीत एक मेणवात होतीच.

दुसरा दिवस शुक्रवार. तहसास महिन्याची सत्तावीस. निघायला उशीर झाला, वोल्दियाच्या पुढे चढ लागला तोवर अंधार पडला, आणि अर्ध्या घाटात टायर फुटला. हो, टायरवाल्याचा टायर!

अस्नाकेच म्हणाली, "अख्ख्या अदीसला टायर विकतो, आणि घरच्या गाडीला टक्कल!"

"दिव्याखाली अंधार असायचाच," तो म्हणाला.

"दिवा कुठे दिसत नाही. अंधारच आहे सगळा."

धुकं इतकं होतं की स्वतःचा हात दिसेना. जॅक काढायला डिकी रिकामी करावी लागली. सामान बाहेर ओलं होईल म्हणून अस्नाकेचनं जमेल ते मागच्या सीटवर सरकवलं. ते केळीच्या पानाचं वेटोळंही तिथेच, तिच्या आणि महलेतच्या मध्ये. टायर बदलून, हात पुसून बेलायनेह आत बसला. गाडी सुरू केली. समोरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. आपल्या घड्याळानं रात्रीचे तीन, म्हणजे सूर्य बुडून तीन तास.

पुढच्या सीटवर म्हातारी पेंगत होती. डोळे न उघडता ती म्हणाली,

"महलेत, सरक ग जरा. पोराला जागा दे."

अस्नाकेच हसली. "आई, कुठलं पोर? मला काही सुचवताय की काय या वयात?"

बेलायनेहही हसला. हसताना त्यानं आरशात पाहिलं. महलेत खिडकीला चिकटून बसली होती. म्हातारीनं सांगायच्या आधीच सरकली होती.

ती हसत नव्हती.

शनिवारी दुपारी ते पोचले. गर्दी विचारू नका. अख्खा डोंगर पांढऱ्या शालींनी झाकला होता. खोली कुठली, एक तंबू मिळाला भाड्यानं. म्हातारीला तिथे टेकवून बेलायनेह मेणवात शोधायला निघाला. दुकानं पालथी घातली. मी सांगितलं होतं ना? बोटभर लांबीच्या रंगीत मेणबत्त्या, त्याही खनिज मेणाच्या. उंचीची मेणवात म्हटलं की लोक हसायचे. "गेनाच्या रात्री? भाऊ, एक महिना आधी यायचं होतंस!"

संध्याकाळी तो रिकाम्या हातानं परत आला. मनाशी ठरवून आला होता की आईला सांगून टाकायचं. करेल शिमगा, करू दे.

आणि बघतो तर म्हातारीच्या मांडीवर ते वेटोळं. केळीचं पान सोडलेलं. तिनं मेण नाकाशी धरलं होतं आणि तिचे डोळे भरले होते.

"बेलाय! असं मेण मी माझ्या लग्नानंतर पाहिलं नाही रे. धुराचा वास बघ, मधाचा वास बघ. मला वाटायचं, माझा मुलगा नुसता हो हो करतो. चुकले मी."

चार वर्षांत तिनं त्याला पहिल्यांदा शाबासकी दिली होती.

बेलायनेहनं मला सांगितलं, "मुलुगेता, तेव्हा बोलायला एक श्वास पुरला असता." तो बोलला नाही. अस्नाकेच तंबूच्या दोऱ्या तपासू लागली. सुतात अडकवलेली चिठ्ठी म्हातारीनं अजून पाहिली नव्हती, तिला जवळचं दिसत नाही.

"द्या, आई, मी गाठ सोडतो," तो म्हणाला. गाठ सोडली. चिठ्ठी मुठीत घेतली. मूठ खिशात गेली.

महलेत बघत होती.

रात्री ते गियोर्गिसच्या देवळाकडे उतरले. डोंगर वरून खाली कोरत नेलेलं ते देऊळ. दगडी चरातून एकामागे एक चालायचं, जोडे वर काढून. पायाखाली थंडगार खडक. आत धूप, माणसांचा घाम, ढोल. एक तरुण सेवेकरी नवसाच्या वाती लावून घेत होता.

म्हातारीनं महलेतला पुढे ओढलं. "उभी राहा. सरळ. देवाला दिसू दे केवढी झालीस." आणि तिनं मेणवात उलगडून नातीच्या टाचेपासून वर धरली.

ती बरगड्यांपर्यंत आली. तिथेच संपली.

"हे काय? आखूड कशी?"

बेलायनेह धंद्यातला माणूस. जीभ आपोआप चालते. "आई, नवस बोललीस तेव्हा पोर सात वर्षांची होती. तेव्हाचीच उंची घेतली. नवस तेव्हाचा, उंची तेव्हाची."

म्हातारीनं क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. "बरोबर. माझ्या लक्षात आलं नाही."

महलेतनं तोंड उघडलं.

बापानं तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

तिनं तोंड मिटलं.

तो म्हणतो, आयुष्यात त्यानं कधी मुलीवर हात उगारला नाही. पण ते पाहणं... त्यापेक्षा मारलं असतं तर बरं.

"नाव?" सेवेकऱ्यानं विचारलं.

"वलेत्ते-मिकाएल," म्हातारी मोठ्यानं म्हणाली. हे महलेतचं बाप्तिस्म्याचं नाव. खिशातल्या चिठ्ठीवर दुसरं होतं.

वात पेटली. उजाडेपर्यंत जळत राहिली, म्हातारी तिच्यापुढे उभी राहिली, आणि तिच्यामागे हे तिघं. मध्यरात्र उलटल्यावर महलेतनं बापाची बाही ओढली.

"बाबा, तो आलाय."

"कोण?"

"माझ्या पाठीला पाठ लावून उभा आहे."

बेलायनेहनं मागे पाहिलं. तिच्यामागे दगडी खांब होता. तिच्यात आणि खांबात वीतभर जागा. रिकामी.

त्याला वाटलं, पोर टोचून बोलतेय. "गप्प राहा," तो दातांतून म्हणाला. "समजली तुझी अक्कल. घरी गेल्यावर बोलू."

"तो विचारतोय, त्याची वात माझ्या नावानं का जळतेय."

"महलेत!"

 पण रात्रभर ती खांबापासून वीतभर पुढेच उभी राहिली. टेकली नाही. 

परतीच्या वाटेला लागले. सण होता, देसेला कोंबडीचा रस्सा होता, म्हातारी दोनदा मागून जेवली आणि मुलाच्या पाठीवर हात फिरवला. गाडीत पेंगताना तिनं एकदा विचारलं, "पोरं झोपली का रे?"

पोरं, म्हणाली. या वेळी अस्नाकेच हसली नाही.

मंगळवारी दिवेलागणीला ते अदीसला पोचले. गल्लीच्या तोंडाशी बेलायनेहनं ब्रेक दाबला. लाकेचच्या खोलीपुढे दुखवट्याचा तंबू होता.

प्रवासातल्या माणसाला आपण फोनवर मरणाची बातमी देत नाही. शेजाऱ्यांनीही दिली नव्हती. फाटकाशी एक शेजारीण पुढे आली, महलेतला पोटाशी धरलं आणि मग सांगितलं. तामरात गेला. शुक्रवारी. रात्रीचे तीन वाजून गेले होते.

अस्नाकेचनं नवऱ्याचा दंड धरला. हळूच म्हणाली, "शुक्रवारी. वात तर रविवारच्या पहाटे जळली. बेलायनेह, ऐकतोयस का? तो आधीच गेला होता. आपल्यामुळे नाही."

हे खरंच होतं. त्याला हायसंही वाटलं. क्षणभरच. मग मनात आलं, जिवंत होता तेव्हा त्याला ती वात आयुष्यासाठी हवी होती. गेल्यावर वाटेच्या उजेडासाठी. घाटातल्या त्या धुक्यात तो आपल्या वातीपाशी येऊन बसला होता. एवढा लांबचा रस्ता आपल्यासोबत आला होता, स्वतःची वात स्वतःच्या नावानं लागलेली बघायला.

तो तंबूत गेला. कबूल करायचं असं ठरवून गेला, हे मी मानतो. लाकेच जमिनीवर बसली होती. त्याला बघून गुडघ्यांवर सरकत पुढे आली.

"गाशे... जळली ना? शेवटपर्यंत?"

"हो. शेवटपर्यंत."

"मध्ये विझली नाही?"

"नाही."

"आणि नाव घेतलं ना त्याचं? वोल्दे-रुफाएल म्हणून?"

तंबूत चाळीस माणसं होती. सगळी त्याच्याकडे बघत होती. त्याचा हात खिशात होता. चिठ्ठी बोटांना लागत होती. मागे महलेत उभी होती, त्याला तिचा श्वास ऐकू येत होता.

"हो," तो म्हणाला.

लाकेच वाकली आणि तिनं त्याच्या गुडघ्यांचं चुंबन घेतलं. "देव तुमच्या पोरीला शंभर वर्षं देवो. माझं पोर अंधारात नाही गेलं मग. आता मी रडणार नाही."

हे मला सांगताना, पोरांनो, तो माणूस माझ्या दुकानात मेणाच्या पोत्यावर बसला होता आणि त्यानं तोंड भिंतीकडे केलं होतं.

कॉफी थांबव जरा. तिसरा मग देऊ.

त्याच रात्री. मंगळवार. तेर महिन्याची पहिली तारीख. रात्रीचे नऊ, म्हणजे निम्मी रात्र सरून तीन तास झालेले. बेलायनेहला झोप नव्हती. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. दिवा लावला नाही. मागचं दार उघडं होतं.

ते त्यानं स्वतः लावलं होतं.

तो लावायला गेला. उंबऱ्यावर उभा राहिला. बाहेर अंगणात चूल. राख. चांदणं.

काही नाही.

तो वळला.

आणि त्याच्या पाठीला... नाही, पाठीला नाही. खाली. कमरेला. काहीतरी टेकलं.

छोटं. सरळ. पाठीला पाठ लावावी तसं.

थंड नव्हतं, म्हणाला. तेच वाईट होतं. उबदार होतं. ताजं मेण हातात घेतल्यावर असतं ना... तेवढं.

तो हलला नाही.

त्याच्या कमरेच्या वर, मणक्यावर, एक छोटा तळवा येऊन थांबला. आडवा. आपण उंची बघताना धरतो तसा.

वास आला. धुराचा. मधाचा.

त्यानं बोलायचा प्रयत्न केला. नाव घ्यायचा. वोल्दे... तोंडून निघेना. जे देवळात निघालं नाही ते इथे कसं निघणार?

किती वेळ, त्याला सांगता येत नाही.

कोंबडा आरवला. तळवा उचलला गेला.

मागे कुणी नव्हतं.

उजाडलं तेव्हा त्यानं पाहिलं. दाराच्या चौकटीवर, जिथे टेकवून पोराला मोजलं होतं, तिथे एक आडवी रेघ होती. मेणाची. बोटानं ओढल्यासारखी. महलेत मागे येऊन उभी राहिली होती. तिनं शिवणाच्या डब्यातून दोरा आणला, जमिनीपासून रेघेपर्यंत धरला आणि बापाच्या हातात दिला.

तेवढ्यात फाटक वाजलं. लाकेच आली होती. दुखवट्याच्या काळ्या कपड्यांत, तरी चुलीवर कामाला. काम चुकवणारी बाई नाही ती. बेलायनेहनं सुरी घेतली आणि ती आत यायच्या आत रेघ खरवडून टाकली.

पुढच्या वर्षी तो लालिबेलाला पायी गेला. त्या दोऱ्याएवढी मेणवात घेऊन, मी स्वतः केलेली. वोल्दे-रुफाएल हे नाव तीनदा मोठ्यानं घेऊन जाळली. घरी आला. तेर महिन्याची पहिली रात्र झोपून काढली. वाटलं, फिटलं.

सकाळी चौकटीवर रेघ होती.

तीन बोटं वर.

तेव्हापासून दरवर्षी. दरवर्षी तो लाकेच यायच्या आत उठतो, दोरा धरतो, रेघ खरवडतो, आणि थंडी सुरू झाली की दोरा माझ्याकडे आणतो. एकदा त्यानं विचारलं, "मुलुगेता, आता अजून काय राहिलं रे माझं करायचं?"

मी म्हटलं, "तिला सांगितलंस?"

त्यानं कॉफी संपवली, कप पालथा घातला आणि निघून गेला. चोवीस दिवस अनवाणी चालतो तो. पायांच्या चिंध्या होतात. पण अंगणातल्या चुलीपर्यंत बारा पावलं आहेत, तेवढी त्याच्यानं होत नाहीत. महलेत आता कॉलेजात आहे, परगावी. वडिलांशी बोलते, चांगली बोलते. फक्त बोलताना दुसरीकडे बघते.

तुम्ही माझ्याकडे असे बघू नका. मला कळतं. लाकेचही माझ्या दुकानात येते, पोराच्या वर्षश्राद्धाच्या मेणबत्त्या घ्यायला. दरवर्षी म्हणते, "बेलायनेह गाशेंसारखा माणूस मिळायचा नाही." आणि मी चिल्लर मोजतो. आठ वर्षं होत आली, मी चिल्लर मोजतोय. आज तुम्हालाही कळलं. उद्या ती आली की तुम्ही काय मोजाल ते तुमचं तुम्ही बघा.

गेल्या साली त्यानं खरवडलेलं मेण मला कागदात बांधून आणून दिलं होतं. धंदा आहे माझा, मी हुंगलं. माझ्या दुकानात शुद्ध म्हणून जे विकलं जातं ते... असू दे. ते माझ्याकडचं नव्हतं. रानातल्या पोळ्याचं, धुरानं माशा उडवून काढलेलं. लाकेचचा भाऊ असं मेण काढायचा. तोही वारला, चार वर्षं झाली.

दुपारी बेलायनेह आला होता तो यंदाचा दोरा द्यायला. हा बघा, माझ्या खिशातच आहे.

नाओद, तुला आता कितवं? पंधरावं लागेल ना? ऊठ. इथे उभा राहा, निखाऱ्याच्या उजेडात. टाच जमिनीला. घाबरतोस काय, दोराच आहे नुसता.

हं. हे खालचं टोक, तुझ्या टाचेशी...

आणि हे वरचं, बरोबर तुझ्या टाळूशी.

...

बस. बस खाली. कुणीतरी त्याला कॉफी द्या, तिसरा कप.